हायवे ८० वरचा काळा पँथर

मॉन्टगोमेरी शहरातली डेक्स्टर अ‍ॅव्हेन्यू या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला पंधरा मिनिटं पुरतात. खालच्या टोकाला एक कारंजं, वरच्या टोकाला अलाबामा राज्याचं पांढऱ्या घुमटाचं विधानभवन, आणि मधे भलामोठा रुंद रस्ता, भर दुपारीसुद्धा अर्धा रिकामा. या कारंज्याच्या परिसरात यादवी युद्धापूर्वी गुलामांचा बाजार भरायचा. चौकातल्या विंटर बिल्डिंगमधून एप्रिल १८६१ मध्ये फोर्ट समटरवर तोफा डागायची परवानगी देणारी तार गेली आणि त्या युद्धाला तोंड फुटलं. विधानभवनाच्या दारात पितळेचा एक तारा बसवला आहे. दक्षिणेच्या फुटीर राज्यांचा अध्यक्ष जेफरसन डेव्हिस याने त्या जागी उभं राहून शपथ घेतली. तिथून खाली नजर टाकली की हाकेच्या अंतरावर लाल विटांचं एक बेताचं चर्च दिसतं. १९५४ मध्ये तिथे मार्टिन ल्यूथर किंग नावाचा पंचविशीचा पाद्री नोकरीला लागला. गुलामगिरीच्या बाजूने लढायला निघालेलं राज्य आणि त्या राज्याच्या कायद्यांना सुरुंग लावणारी चळवळ एकाच रस्त्यावर, शेजारी शेजारी नांदली आहेत.

अटलांटाहून इथे यायला मोटारीने अडीच तास लागतात, पण घड्याळात दीडच तास गेलेला दिसतो, कारण जॉर्जियाची हद्द ओलांडली की वेळ तासभर मागे जाते. भाची गाडी चालवत होती. ती अटलांटात अनेक वर्षं राहते आणि अलाबामात यापूर्वी कधी उतरलेली नव्हती. "मावशी, इकडे आलेले पाहुणे मला नायगाराचं विमान बुक करायला सांगतात. तू पहिलीच, जिला बसस्टॉप बघायचाय," ती म्हणाली.

तो बसस्टॉप खरंच बघण्यासारखा आहे. पूर्वी तिथे एम्पायर नावाचं थिएटर होतं. आता ट्रॉय विद्यापीठाने चालवलेलं रोझा पार्क्स संग्रहालय आहे. मूळ बस मात्र इथे नाही. २८५७ क्रमांकाची ती बस दूर मिशिगनमध्ये, हेन्री फोर्ड संग्रहालयात गेली आहे. १ डिसेंबर १९५५ च्या संध्याकाळची आपल्याला पाठ असलेली गोष्ट अशी: दमूनभागून घरी निघालेली एक शिंपीणबाई गोऱ्या प्रवाशासाठी जागेवरून उठली नाही, तिला अटक झाली आणि सगळं शहर पेटून उठलं. ही गोष्ट खोटी नाही, पण इतकी गुळगुळीत झाली आहे की तिच्यातली मेहनत घासून गेली. पार्क्सबाई मॉन्टगोमेरी फेअर या मोठ्या दुकानात कपड्यांना टाके घालायचं काम करायच्या हे खरं. पण त्या १९४३ पासून नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या स्थानिक शाखेच्या चिटणीसही होत्या. त्याच उन्हाळ्यात त्या टेनेसीतल्या हायलँडर या कार्यकर्ता-प्रशिक्षण शाळेत जाऊन आल्या होत्या. आपण अंगाने थकलेलो नव्हतो, सहन करून करून कंटाळलो होतो, असं त्यांनी स्वतःच पुढे लिहिलं आहे.

बसमधले नियम समजून घेतल्याशिवाय हे प्रकरण कळत नाही. छत्तीस जागांपैकी पुढच्या दहा गोऱ्यांसाठी राखीव. मागचा भाग कृष्णवर्णीयांचा. मधल्या जागा ड्रायव्हरच्या मर्जीवर. पुढच्या दाराने चढून पैसे द्यायचे, खाली उतरायचं आणि मागच्या दाराने पुन्हा चढायचं. तेवढ्यात ड्रायव्हरने गाडी हाकली तर पैसे बुडाले. पार्क्सबाई मधल्या भागात बसल्या होत्या. चौघांना उठायला सांगितलं, तिघं उठले.

आणि त्या पहिल्या नव्हत्या. त्याच वर्षी २ मार्चला क्लॉडेट कॉल्विन ही पंधरा वर्षांची शाळकरी मुलगी अशीच बसून राहिली होती. तिलाही पकडलं होतं. पण पुढाऱ्यांनी तिच्या प्रकरणावर लढा उभारला नाही. ती लहान होती, तापट समजली जायची, थोड्याच महिन्यांत तिला दिवस गेले. चळवळीला चेहरा हवा असतो आणि तो कुणी बोट दाखवू नये असा लागतो. हे व्यवहाराला धरून होतं. न्याय्य होतं असं मला वाटत नाही.

संग्रहालयात मी सर्वांत जास्त वेळ थांबले ती जो अ‍ॅन रॉबिन्सन यांच्या माहितीपाशी. अलाबामा स्टेट कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या या बाई शहरातल्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या राजकीय मंडळाच्या अध्यक्ष होत्या. मे १९५४ मध्येच त्यांनी महापौरांना पत्र लिहून, बसवर बहिष्कार पडू शकतो असा इशारा दिला होता. म्हणजे तयारी दीड वर्ष आधीची. अटकेची बातमी कळल्यावर त्याच रात्री त्या कॉलेजात गेल्या. एक सहकारी आणि दोन विद्यार्थी सोबतीला घेऊन त्यांनी सायक्लोस्टाइल यंत्र चालवलं, एका कागदावर तीन पत्रकं बसवली आणि पहाटे चारपर्यंत पस्तीस हजारांवर पत्रकं तयार केली. कॉलेज सरकारी, कागद सरकारी, यंत्र सरकारी; सापडल्या असत्या तर नोकरी गेली असती. शिवाय मंडळाच्या बायकांनी वाटपाचे मार्ग महिनोन्‌महिने आधी ठरवून ठेवले होते. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पत्रकं शाळा, केशकर्तनालयं, दारूचे गुत्ते, कारखाने अशी सगळीकडे पोचली. उरलेल्यांना बातमी दिली ती गोऱ्यांच्या वर्तमानपत्राने. ई. डी. निक्सन या रेल्वेतल्या पोर्टरने, हाच पार्क्सबाईंना जामीन राहिला होता, ते पत्रक एका बातमीदाराच्या हातात सरकवलं आणि रविवारी ते पहिल्या पानावर झळकलं.

सोमवारी, ५ डिसेंबरला, बस रिकाम्या धावल्या. पार्क्सबाईंना दहा डॉलर दंड आणि चार डॉलर कोर्टखर्च भरायला सांगण्यात आलं. त्या रात्री होल्ट स्ट्रीटवरच्या चर्चमध्ये माणसं मावेनात. बहिष्कार चालवायला काढलेल्या नव्या संघटनेचं अध्यक्षपद सव्वीस वर्षांच्या किंगकडे आलं, ते बरंचसं तो गावात नवा होता म्हणून. त्याचं कुणाशी जुनं वाकडं नव्हतं. बहिष्कार ३८१ दिवस चालला.

एवढे दिवस चाळीसएक हजार माणसं कामावर गेली कशी? सुरुवातीला कृष्णवर्णीय टॅक्सीवाल्यांनी बसच्याच दरात, दहा सेंटमध्ये, लोकांना नेलं. नगरपालिकेने जुना नियम उकरून काढला: किमान भाडं पंचेचाळीस सेंट. मग खासगी गाड्यांची साखळी उभी राहिली. सुमारे तीनशे गाड्या, ठरलेले थांबे, ठरलेल्या वेळा. चर्चच्या नावावर स्टेशनवॅगन घेतल्या गेल्या. मग गाड्यांचा विमा रद्द होऊ लागला. विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही, आणि स्थानिक कंपन्या तयार नाहीत. शेवटी अटलांटातल्या एका कृष्णवर्णीय एजंटाने लंडनच्या लॉइड्सकडून विमा मिळवून दिला. पेट्रोलचा खर्च निघावा म्हणून जॉर्जिया गिलमोर या स्वयंपाकीणबाईने मैत्रिणी जमवून घरोघर केक, पाय आणि तळलेली कोंबडी विकायला काढली. पैसे आले कुठून असं विचारलं तर कुठूनच नाही म्हणायचं, म्हणून मंडळाचं नावच 'कुठूनच नाही क्लब'. गिऱ्हाइकांत गोरी माणसंही असायची. आपले पैसे कशात जातायत हे त्यांना ठाऊक नव्हतं.

किंग राहत असे ते साऊथ जॅक्सन स्ट्रीटवरचं लाकडी घर आता जपून ठेवलं आहे. ३० जानेवारी १९५६ च्या रात्री या घराच्या ओसरीवर बॉम्ब पडला. पत्नी कोरेटा आणि तान्ही मुलगी घरात होत्या, बचावल्या. अहिंसेचा पुतळा करून बसवलेल्या माणसांना एक माहिती अडचणीची वाटते. त्या दिवसांत या घरावर बंदूकधारी पहारा होता, आणि स्वतः किंगने पिस्तुलाच्या परवान्यासाठी अर्ज केला होता, जो नाकारला गेला. मदतीला आलेला बेयर्ड रस्टिन, जो १९४८ मध्ये भारतात येऊन गेला होता, त्याला या घरात बंदुका दिसल्या तेव्हा त्याने गांधींच्या मार्गाविषयी किंगशी लांब चर्चा केली. गांधी किंगला पुस्तकांतून आधीच माहीत होते. शहाण्या माणसाला ते पचवायला वेळ लागला, एवढंच. गंमत म्हणजे या लढ्याची मिठाच्या सत्याग्रहाशी तुलना सुरुवातीलाच जाहीरपणे केली ती ज्युलिएट मॉर्गन या गोऱ्या ग्रंथपालबाईंनी. त्यांचं पत्र वर्तमानपत्रात १२ डिसेंबर १९५५ ला छापून आलं. त्यानंतर त्यांच्याच समाजाने त्यांना इतकं छळलं की १९५७ मध्ये त्यांनी आयुष्य संपवलं. आज शहरातल्या मुख्य ग्रंथालयाला त्यांचं नाव आहे. किंग पती-पत्नी १९५९ च्या फेब्रुवारीत भारतात आली, महिनाभर फिरली आणि मुंबईत मणिभवनात, गांधी उतरत त्या वास्तूत, मुक्कामाला राहिली.

बहिष्काराने बसमधला भेदभाव संपला, असं आपण म्हणतो. काटेकोर बोलायचं तर तो कोर्टाने संपवला. पुढाऱ्यांची सुरुवातीची मागणी फारच मवाळ होती. कृष्णवर्णीयांनी मागून, गोऱ्यांनी पुढून बसत यावं, मधे कुणी कुणाला उठवू नये, ड्रायव्हरांनी नीट बोलावं, या धर्तीची. नगरपालिकेने तेही नाकारलं आणि स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. फ्रेड ग्रे या पंचविशीच्या वकिलाने फेब्रुवारी १९५६ मध्ये मुळावरच घाव घालणारा दावा लावला, 'ब्राउडर विरुद्ध गेल'. त्यात रोझा पार्क्स नाहीत. वादींमध्ये ऑरेलिया ब्राउडर, सूझी मॅकडोनाल्ड, मेरी लुईझ स्मिथ आणि क्लॉडेट कॉल्विन, तीच, जिला चेहरा म्हणून नाकारलं होतं. जूनमध्ये तीन न्यायाधीशांनी दोन विरुद्ध एक असा निकाल दिला. १३ नोव्हेंबरला नगरपालिका गाड्यांची ती साखळी बंद पाडायला स्थानिक कोर्टात उभी होती. पुढारी हताश होऊन बसले होते. तेवढ्यात एका बातमीदाराने तारेचा कागद आणून दिला: सर्वोच्च न्यायालयाने जूनचा निकाल कायम केला. साखळी बंद पडली, पण आता तिची गरज थोड्याच दिवसांची होती. २१ डिसेंबरला लोक पुन्हा बसमध्ये चढले, पुढच्या दाराने.

जूनच्या निकालात बहुमतात असलेल्या दोघा न्यायाधीशांपैकी एक फ्रँक जॉन्सन. त्यांच्या नावाचं फेडरल कोर्ट ज्या जुन्या ग्रेहाउंड बसस्थानकाला लागून आहे, तिथे २० मे १९६१ ला आंतरराज्य बसमधून एकत्र प्रवास करणाऱ्या काळ्या-गोऱ्या तरुणांना जमावाने लोखंडी पाइपांनी बडवलं. रक्तबंबाळ झालेल्यांत जॉन लुइस हा विद्यार्थी होता. जॉन्सन आणि लुइस ही दोन्ही नावं पुढे सेल्माला पुन्हा भेटतात.

मॉन्टगोमेरीत आणखी एक जागा टाळता येत नाही. टेकडीवर २०१८ मध्ये ब्रायन स्टीव्हन्सन या वकिलाच्या संस्थेने झुंडबळींचं स्मारक उभारलं. गंजल्या रंगाचे आठशेहून अधिक पोलादी खांब, प्रत्येक खांब एका काउंटीचा, त्यावर तिथे झुंडीने मारलेल्यांची नावं. १८७७ ते १९५० या काळातली ४,४०० हून अधिक माणसं. सुरुवातीला खांब आपल्या उंचीचे असतात. जमीन हळूहळू खाली उतरत जाते आणि खांब वर टांगलेले राहतात. काही ठिकाणी नावाऐवजी 'अज्ञात'. भाची बराच वेळ जॉर्जियाच्या खांबांमध्ये आपली काउंटी शोधत होती. सापडली.

जेवणाविषयी दोन शब्द, कारण शाकाहारी वाचक विचारतील. इथल्या साध्या खाणावळीत एक मांसाचा पदार्थ आणि तीन भाज्या अशी थाळी मिळते. नुसत्या भाज्यांची थाळीही मागता येते. मक्याच्या पिठात घोळून तळलेली भेंडी, चवळी, मक्याचा पाव. पालेभाजी मात्र बहुतेक वेळा डुकराच्या हाडाबरोबर शिजवलेली असते. आधी विचारलेलं बरं. भेंडी आणि चवळी दोन्ही आफ्रिकेतून गुलामांच्या जहाजांबरोबर इकडे आली.

सेल्मा पश्चिमेला पन्नास मैलांवर. आम्ही आधी सरळ तिथे पोचलो, म्हणजे परतताना १९६५ च्या मोर्चाच्या दिशेने येता येईल. गाव अलाबामा नदीच्या उंच काठावर आहे, आणि थकलेलं आहे. १९६० मध्ये अठ्ठावीस हजार वस्ती होती, २०२० मध्ये अठरा हजारांच्या आसपास. हवाई दलाचा तळ १९७७ मध्ये बंद झाला आणि जानेवारी २०२३ मध्ये टॉर्नेडोने उरलीसुरली छपरं उडवली. मुख्य रस्त्यावर दर दोन-तीन दुकानांमागे एक फळ्या ठोकलेलं. जगभरचे पुढारी दर मार्चमध्ये इथे येऊन पुलावर फोटो काढून घेतात. गावाच्या पदरात त्यातून फारसं काही पडलेलं दिसत नाही.

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला या डॅलस काउंटीत निम्मी वस्ती कृष्णवर्णीयांची असूनही त्यांच्यातल्या शंभरांत जेमतेम दोघांचं नाव मतदारयादीत होतं. नोंदणीचं कार्यालय महिन्यातून दोन सोमवार उघडायचं. फॉर्म लांबलचक, वर राज्यघटनेवर प्रश्न, आणि उत्तर बरोबर की चूक हे ठरवणार समोर बसलेला गोरा कारकून. रांगेत उभं राहिलं की नोकरी जायची. तरी २२ जानेवारी १९६५ ला शंभरावर कृष्णवर्णीय शिक्षक मोर्चा काढून कोर्टाच्या पायऱ्यांवर गेले. शिक्षक हा गावातला सर्वांत जपून वागणारा वर्ग. ते बाहेर पडले म्हटल्यावर बाकीच्यांना घरी बसणं अवघड झालं.

१८ फेब्रुवारीला शेजारच्या मॅरियन गावात पोलिसांनी जिमी ली जॅक्सन या तरुणावर गोळी झाडली. आठवड्याने तो गेला. त्याच्या मरणाचा जाब गव्हर्नरला विचारायला चालत राजधानीत जायचं, अशी कल्पना निघाली. ७ मार्चच्या रविवारी ब्राउन चॅपल चर्चमधून सहाशे माणसं निघाली. पुढे होझिया विल्यम्स हा कार्यकर्ता आणि जॉन लुइस.

एडमंड पेटस पुलावर आम्ही चालत गेलो. हे प्रत्येकाने करावं, कारण फोटोत एक गोष्ट कळत नाही. पूल मधे उंच आहे. माथ्यावर पोचेपर्यंत पलीकडचं काहीही दिसत नाही. त्या रविवारी माथा गाठल्यावर लोकांना पलीकडे निळ्या हेल्मेटांची रांग दिसली. राज्य पोलीस, आणि घोड्यांवर बसलेली शेरीफ जिम क्लार्कची माणसं. अश्रुधूर, दंडुके, चाबूक. लुइसची कवटी फुटली. त्या रात्री एबीसी वाहिनीने न्यूरेंबर्ग खटल्यावरचा सिनेमा मधेच थांबवून हे चित्रण दाखवलं. नाझींच्या गुन्ह्यांची गोष्ट बघत बसलेल्या देशाने घरचा कारभार पाहिला. ज्याच्या नावाचा हा पूल आहे तो पेटस गुलामगिरीवाद्यांचा सेनापती, पुढे सिनेटर आणि अलाबामातल्या कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी टोळीचा म्होरक्या. नाव बदलायच्या मोहिमा झाल्या. गावातल्याच कित्येक जुन्या कार्यकर्त्यांनी विरोध केला. त्यांचं म्हणणं मला पटतं: पेटसचं नाव आता त्याच्या मालकीचं राहिलेलं नाही.

पुढच्या मोर्चाची परवानगी दिली न्यायाधीश जॉन्सन यांनी, अटींसकट. मार्ग चौपन्न मैलांचा, चार मुक्काम. हायवे ८० जिथे दुपदरी होतो तिथे तीनशेच माणसं. २१ मार्चला हजारोंनी लोक निघाले. कृष्णवर्णीय शेतकऱ्यांनी मुक्कामाला शेतं दिली. रात्रीचं जेवण सेल्मातल्या चर्चमध्ये शिजायचं आणि पत्र्याच्या कोऱ्या कचरापेट्यांत भरून ट्रकने यायचं. पाऊस झाला, चिखलात झोपावं लागलं. २५ तारखेला डेक्स्टर अ‍ॅव्हेन्यूवर पंचवीस हजारांचा जमाव होता. मतदानहक्काच्या कायद्यावर ६ ऑगस्टला अध्यक्ष जॉन्सन यांची सही झाली. इथपर्यंतची गोष्ट सिनेमात असते.

परतीच्या वाटेवर लाउंड्स काउंटी लागली. हा पट्टा काळ्या मातीचा, आपल्या वऱ्हाडासारखा, आणि इथेही कापसानेच सगळं घडवलं आणि बिघडवलं. कापूस आता थोडा उरलाय. कुरणं, पाइनची झाडं, मधेच एखादं ट्रेलरचं घर. ही चिकण माती पाणी मुरू देत नाही, त्यामुळे घरांच्या मलटाक्या तुंबतात आणि मैलापाणी अंगणात येतं. अमेरिकेत असं असू शकतं यावर भाचीचा आधी विश्वासच बसेना. रस्त्याच्या कडेला एका उंचवट्यावर व्हायोला लिउझो यांचा स्मृतिदगड आहे. डेट्रॉइटहून मदतीला आलेली पाच मुलांची ही गोरी आई मोर्चा संपल्याच्या रात्री कार्यकर्त्यांना मोटारीने पोचवत होती. क्लॅनच्या गाडीने तिला इथे गाठलं आणि गोळ्या घातल्या.

लाउंड्समध्ये दर पाचांतले चार लोक कृष्णवर्णीय. १९६५ च्या सुरुवातीला त्यांच्यापैकी मतदारयादीत किती? एकही नाही. मोर्चाच्याच महिन्यात पहिले दोघे नोंदले गेले, एक आंधळा धर्मोपदेशक आणि दुसरा जॉन ह्यूलेट. मोर्चा पुढे निघून गेला, कॅमेरे गेले. स्टोकली कार्मायकल हा तरुण कार्यकर्ता आणि त्याच्या विद्यार्थी संघटनेतले चार-दोन सोबती मात्र मागे राहिले आणि घरोघर फिरू लागले. ज्या कुळांनी नाव नोंदवलं त्यांना जमीनमालकांनी हुसकून लावलं. डिसेंबर १९६५ मध्ये हायवेलगत तंबू ठोकून त्यांची वस्ती वसवली गेली. लोक तिला तंबूनगरी म्हणत. रात्री गाड्यांतून गोळीबार व्हायचा, आतले लोक बंदुका घेऊन जागत. काही कुटुंबांनी दोन वर्षांहून जास्त काळ तिथे काढला. आता त्या जागेवर राष्ट्रीय उद्यान विभागाचं माहिती केंद्र आहे. आम्ही गेलो तेव्हा आमच्याखेरीज तिथे कुणी नव्हतं.

मत मिळालं, पण द्यायचं कुणाला? अलाबामात सत्ताधारी डेमोक्रॅटिक पक्षाचं चिन्ह होतं पांढरा कोंबडा, आणि त्यावर गोऱ्यांच्या श्रेष्ठत्वाची घोषणा. लाउंड्समध्ये त्या पक्षाने उमेदवारीची फी पन्नास डॉलरवरून पाचशेवर नेली, म्हणजे कुळांना उभं राहताच येऊ नये. विद्यार्थी संघटनेच्या संशोधकाला राज्याच्या कायद्यात एक जुनं कलम सापडलं, ज्याखाली काउंटीपुरता स्वतंत्र पक्ष काढता येत होता. अट अशी की पक्षाला चिन्ह हवं, कारण कित्येक मतदारांना वाचता येत नसे. आधी कबुतराचा विचार झाला. कबुतर फारच गरीब वाटलं. मग अटलांटातल्या क्लार्क कॉलेजच्या संघाचं चिन्ह असलेला काळा पँथर घेतला. कोंबड्यासमोर पँथर, खाणाखुणांचा अर्थ समजावून सांगावा लागला नाही.

ऑक्टोबर १९६६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडला ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी आपल्या संघटनेसाठी हेच चिन्ह आणि काळा पँथर हेच नाव उचललं. तिथून ते नाव वर्तमानपत्रांतून, नियतकालिकांतून जगभर गेलं आणि १९७२ मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले यांच्या पिढीने दलित पँथर उभी केली. मराठीत त्या काळावर पुष्कळ लिहिलं गेलंय, त्यात ओकलंडचा उल्लेख असतो, लाउंड्सचा क्वचितच. मी केंद्रातल्या भिंतीवर १९६६ च्या निवडणुकीची माहिती वाचत होते तेव्हा भाचीला हे सांगितलं. "म्हणजे आपला पँथर इथल्या मतपत्रिकेवरून आला?" तिने विचारलं. हो. कुणाच्या कवितेतून नाही, आरोळीतून नाही; निरक्षर मतदाराला खूण कुठे करायची ते कळावं, या गरजेतून आला.

८ नोव्हेंबर १९६६ ला पँथरचे सातही उमेदवार हरले. गोऱ्या जमीनदारांनी आपल्या उरलेल्या कुळांना ट्रकमध्ये भरून आणलं आणि कोंबड्यावर मतं टाकून घेतली. डॅलस काउंटीत मात्र त्याच वर्षी शेरीफ क्लार्कला नव्या मतदारांनी घरी बसवलं होतं. लाउंड्सला आणखी चार वर्षं लागली. १९७० मध्ये जॉन ह्यूलेट शेरीफ म्हणून निवडून आला आणि त्या पदावर वीस वर्षांहून जास्त राहिला. तोवर पँथरवाल्यांचा पक्ष राज्य पातळीवरच्या दुसऱ्या एका पक्षात विलीन झाला होता, त्यामुळे ह्यूलेटच्या नावापुढे मतपत्रिकेवर पँथर नव्हता.